कामाचे तास कुणी लिहून ठेवतं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं, आणि तेव्हापासून दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मोठा माणूस हाच विषय काढतो आणि पेपरात, टीव्हीवर, सोसायटीच्या ग्रुपवर सगळीकडे तीच चर्चा चालू होते. कुणी म्हणतं आजची पोरं आळशी झालीत, कुणी म्हणतं मालकांना गुलाम पाहिजेत. मी दोन्ही बाजूंचं सगळं वाचलं. पण माझ्या मनात पहिल्या दिवसापासून जो प्रश्न आहे तो कुणीच विचारलेला दिसला नाही म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय, जागा असेल तेवढं छापा. प्रश्न एवढाच आहे की हे ७० तास, ९० तास लिहिणार कुठे? कुठल्या रजिस्टरला? म्हणजे ते मोजणार कोण आणि त्याचे पैसे कोण देणार?

मी आयटीआय करून १९८१ साली पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे जिथं साचे आणि हत्यारं बनतात तिथं, लागलो आणि २०१७ ला रिटायर झालो. छत्तीस वर्षं. त्यातली निम्मी सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे लोखंड घासून मापात आणायच्या मशीनवर. त्यामुळे कष्ट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही, आणि कामचुकार माणसाबद्दल मला तेव्हाही राग होता, आजही आहे. कामावर आल्यावर मशीन पुसून, गेज लावून, ड्रॉइंग नीट वाचून मगच हात लावणारा माणूस आणि आल्याबरोबर चहाला पळणारा माणूस यात फरक असतोच. पण तो फरक कधीच तासांत नव्हता. दोघंही साडेआठ तासच असायचे.

आमच्याकडे पंचिंग कार्ड होतं. गेटमधून आत आलं की कार्ड मशीनमध्ये घालायचं, खट्ट आवाज, वेळ छापली जायची. जाताना परत खट्ट. दोन मिनिटं लेट झालं तरी ते दिसायचं आणि अर्धा तास जास्त थांबलो तर तेही दिसायचं. जास्त थांबलं की ओटी म्हणजे ओव्हरटाइम, आणि ओटीला दुप्पट रेट, कारण १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये तसं लिहिलेलंच होतं, दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर काम करून घेतलं तर दुप्पट मजुरी. कायद्यात बसत नव्हतं तेवढा वेळ सुद्धा कधी कधी थांबवायचे, ते काही बरोबर नव्हतं, पण महिन्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर ते तास यायचे. माझ्या बहिणीच्या लग्नाला जे पैसे लागले त्यातले बरेचसे त्या चिठ्ठीवरच्या ओटीच्या रकान्यातले होते. कंपनीला पण दुप्पट द्यावं लागतंय म्हटल्यावर फोरमन दहा वेळा विचार करायचा की ह्याला खरंच थांबवायची गरज आहे का, का उद्या सकाळी झालं तरी चालेल.

आता जास्त तासांचं काम कसं होतं ते माझ्याच हातून झालेल्या एका गोष्टीवरून सांगतो. १९९४ ची गोष्ट, एक्स्पोर्टची ऑर्डर होती, डाय, म्हणजे साचा, अर्जंट पाहिजे होती. मी सकाळी सातला आलो होतो, साडेतीनला सुपरवायझर म्हणाला थांबशील का, मी थांबलो. रात्री अकराच्या सुमारास एका इन्सर्टचं, म्हणजे डायमध्ये बसवायच्या तुकड्याचं, शेवटचं ग्राइंडिंग चालू होतं. डी-टू जातीचं कडक स्टील, हीट ट्रीटमेंट होऊन आलेलं, २४ मिलीमीटरला आणायचं होतं. मी मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावला आणि वाचलं, अजून अर्धा मिलीमीटर आणि वर तीन शतांश काढायचे बाकी आहेत. ज्यांनी मायक्रोमीटर हातात धरलाय त्यांना ही चूक लगेच कळेल, स्लीव्हवरची अर्ध्याची रेघ धरायची का नाही यात गफलत झाली. खरे तर फक्त तीन शतांश बाकी होते. मी कट देत गेलो, देत गेलो, आणि परत मोजलं तेव्हा जॉब साडेतेवीसच्या खाली गेला होता. ग्राइंडिंगमध्ये गेलेलं मटेरियल परत येत नाही. मी मशीन बंद केलं आणि तसाच उभा राहिलो, कूलंटचं पाणी टपटप पडत होतं तेवढाच आवाज. मिलिंग, ड्रिलिंग, हीट ट्रीटमेंट धरून त्या इन्सर्टमागे आठ दिवसांचं काम होतं, चार माणसांचं. ते सगळं एका रात्री स्क्रॅपमध्ये गेलं. तेरा वर्षं त्याच कामावर होतो मी तेव्हा. सकाळी दहा वाजता ही चूक माझ्या हातून दारू पाजली असती तरी झाली नसती. सोळाव्या तासाला झाली.

मला कुणी ओरडलं नाही. फोरमन जुना माणूस होता, तो एवढंच म्हणाला की चूक माझी आहे, मी तुला थांबवायलाच नको होतं. दुसऱ्या दिवशी त्याने टूलरूममध्ये सांगून टाकलं की फायनल ग्राइंडिंग फर्स्ट शिफ्टच्या पहिल्या चार तासातच करायचं, कितीही अर्जंट असलं तरी. आमचं रिजेक्शन त्यानंतर खरंच कमी झालं. मी ज्याला कामाची निष्ठा म्हणतो ती ही आहे, कामाला आपला ताजा हात द्यायचा.

माझं तरी लोखंड गेलं. भोसरीला आमच्या ओळखीतल्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर काम करणारा बावीस वर्षांचा पोरगा होता, मूळचा मराठवाड्यातला, कॉन्ट्रॅक्टवर. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेर असतात. प्रॉडक्शन वाढवायला एका बटणात पाचर मारून ठेवलेली. तेरावा तास चालू होता त्याचा. दोन बोटं गेली. त्या पोराला नंतर भेटायला गेलो तेव्हा तो मला विचारत होता की काका आता मला कुठली कंपनी घेईल का, आणि मला उत्तर देता आलं नाही. आजही चाकण, भोसरी, तळवड्याच्या छोट्या शेडमध्ये जाऊन बघा, चहाचा कप तीन बोटांत धरणारे कितीतरी भेटतील.

हे पण कबूल करतो की ओटीसाठी काम रेंगाळवणारे आमच्यात होते. दिवसभर जॉब हळू चालवायचा, दुपारी तीनला म्हणायचं साहेब होत नाही, थांबावं लागेल. म्हणजे जास्त तास थांबणारा माणूस कष्टाळूच असेल असं अजिबात नाही, हे मी छत्तीस वर्षं डोळ्यांनी बघितलंय. उलट आमच्या टूलरूममधला सगळ्यात चांगला फिटर, ज्याच्या हातची डाय पहिल्या ट्रायलला पास व्हायची, तो साडेतीन वाजता हात धुवून तयार असायचा. त्याला भजनाला जायचं असायचं. आळंदीची वारी त्याची कधी चुकली नाही आणि काम पण कधी मागं राहिलं नाही.

आता माझ्या मुलीचं सांगतो. ती २९ वर्षांची आहे, हिंजवडीला फेज थ्रीला एका कंपनीत सपोर्टच्या प्रोजेक्टवर आहे. आम्ही चिंचवडला राहतो. सकाळी साडेआठला घर सोडते. संध्याकाळी वाकडच्या पुढं ट्रॅफिक कसं असतं ते तुम्हाला माहितीये, तास-दीड तास तिथंच जातो, तो तर कुणी कामात धरतच नाही. रात्री नऊ-साडेनऊला येते, ताट समोर घेते आणि दहाला परत कॉल चालू, कारण क्लायंट अमेरिकेचा, त्यांची सकाळ तेव्हा होते. मी कधी रात्री पाणी प्यायला उठलो की तिच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसतो. एकदा मी बघितलं, कॉल नव्हता, काम पण नव्हतं, ती नुसती बसून मधून मधून माउस हलवत होती. मी विचारलं हे काय. तर म्हणाली बाबा, मॅनेजर अजून ऑनलाइन आहे, माझा हिरवा ठिपका पिवळा झाला तर उद्या विचारतील. ह्याला काम म्हणायचं का? एक हुशार, फर्स्ट क्लासमध्ये इंजिनियर झालेली मुलगी रात्री साडेअकराला एक ठिपका हिरवा ठेवण्यासाठी जागी.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो टाइमशीटचा. मी तिला सहज विचारलं की तुमचे जास्तीचे तास कुठे लिहितात. ती म्हणाली लिहीतच नाहीत. टाइमशीटमध्ये दिवसाचे पावणेनऊ तासच भरायचे, कारण क्लायंटला तेवढंच बिल जातं. त्याच्या वर आकडा टाकला की सिस्टीम अप्रूव्हल मागते, आणि अप्रूव्हल मागायला गेलं की वरचा माणूस विचारतो, तुला एवढा वेळ का लागला, तुझी एफिशियन्सी कमी आहे का? म्हणून सगळेच गप पावणेनऊ भरतात. बारा तास काम केलेल्या दिवशी पण पावणेनऊ. म्हणजे जगातल्या कुठल्याच कागदावर तिचे ते सव्वातीन तास नाहीत. पगारात नाहीत, प्रोजेक्टच्या हिशोबात नाहीत, आणि उद्या तिची तब्येत बिघडली तर दाखवायला सुद्धा नाहीत. आमच्या कारखान्यातला झाडू मारणारा सुद्धा कार्ड पंच करून जायचा हो.

आणि ह्याचा तोटा फक्त तिलाच होतो असं पण नाही. सहा माणसांचं काम चार माणसांकडून करून घेतलं आणि कागदावर चारच माणसांचे पावणेनऊ तास दिसले, तर पुढचं प्रोजेक्ट घेताना साहेब चारच माणसं धरणार. मागच्या वेळी झालंच होतं की! खोटा आकडा एकदा बसला की त्यावरच पुढचं सगळं उभं राहतं. आम्ही टूलरूममध्ये चुकीच्या गेजने मोजत राहिलो असतो तर पहिल्याच दिवशी लाइन बंद पडली असती, इथं लाइन बंद पडत नाही कारण मधला सगळा फरक ही पोरं आपल्या झोपेतून भरून काढतात. प्लॅनिंग चुकलेलं, माणसं कमी घेतलेली, क्लायंटला नको त्या तारखेचा शब्द दिलेला, आणि ह्या सगळ्याला नाव काय तर डेडिकेशन. तिच्या टीममध्ये एक मुलगी आहे, तिचं बाळ दीड वर्षाचं. ती सकाळी सगळ्यांच्या आधी येते, जेवायला पंधरा मिनिटं घेते आणि सहाला निघते. निघताना कुणीतरी म्हणतंच, काय आज हाफ डे का? माझी मुलगी म्हणते बाबा, टीममध्ये सगळ्यात क्लीन काम तिचं असतं. पण अप्रेझलमध्ये तिला मागच्या वर्षी शेरा मिळाला की व्हिजिबिलिटी कमी आहे.

आपण हे सगळं नवीन समजतो पण मुंबईच्या गिरण्यांमध्ये हे सगळं होऊन गेलंय. १८८० च्या सुमाराला गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम असायचं आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, त्यांनी १८८४ ला बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, दीनबंधू पेपरातून लिहीत राहिले, आणि शेवटी १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यासाठी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली होती आणि त्यात बायका कामगार सुद्धा बोलल्या होत्या, १८९० साली! आज आपण रविवारी मटण आणतो, नातेवाईकांकडे जातो, ती सुट्टी आपोआप आलेली नाही.

पण मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अंधार पडला की गिरणी बंद व्हायची, हे कामगाराला निसर्गाचं संरक्षण होतं. १९०५ च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि तास एकदम चौदा-पंधरापर्यंत गेले, कारण आता अंधाराची अडचणच राहिली नाही. मग त्यावर बोंब झाली, कमिशन बसलं, १९११ च्या कायद्याने कापड गिरणीत पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली, १९२२ ला आठवड्याला ६०, १९३४ ला ५४, आणि १९४६ ला ४८. ते ४८ आले तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. म्हणजे विजेचा दिवा आल्यावर कायदा त्याच्या मागं धावत यायला चाळीस वर्षं लागली. माझ्या मुलीच्या लॅपटॉपने नेमकं तेच केलंय. आधी ऑफिसातून निघालं की काम संपायचं, घर ही आडकाठी होती. आता घरातच ऑफिस आलं आणि कायदा अजून त्याच्या दारापर्यंत पोचलेला नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यात पण मुळात ९ तास, ४८ तास, दुप्पट ओटी सगळं आहे, पण मॅनेजर, सुपरवायझर ह्यांना तो लागू नाही, आणि आयटीत तर चार वर्षं झाली की व्हिजिटिंग कार्डवर काहीतरी लीड किंवा मॅनेजर छापून मिळतं. हाताखाली एक माणूस नसतो, पण पदाचं नाव तेवढं मोठं.

मूर्तींनी जर्मनी आणि जपानचं उदाहरण दिलं होतं, की महायुद्धानंतर त्यांनी असेच जास्त तास काम केलं. मूर्तींबद्दल मला आदर आहे, त्यांनी शून्यातून उभं केलंय, आणि ते पण पुण्यातून. पण मग आजचा जर्मनी पण बघा ना. श्रीमंत देशांमध्ये वर्षाला सगळ्यात कमी तास काम करणाऱ्यांत जर्मन माणूस येतो, वर्षाचे साधारण १३४० तास, म्हणजे आठवड्याचे सव्वीसच्या आसपास, यात पार्ट टाइमवाले पण धरलेत हे खरं. तरी आमच्या टूलरूममधली सगळ्यात चांगली मशीनं जर्मनच होती. आणि जपानमध्ये तर जास्त काम करून मरणाला वेगळा शब्दच तयार झाला, करोशी, आणि शेवटी त्यांना २०१९ पासून कायद्याने ओटीला महिन्याला ४५ तासांची मर्यादा घालावी लागली. त्यांनी जे भोगून सोडून दिलं ते आपण आता उचलायचं का?

एल अँड टीच्या साहेबांचं ते वाक्य, की घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं. मी डबल शिफ्ट करत होतो तेव्हा माझी बायको काय करत होती ते सांगतो. दोन पोरं, सासू आजारी, सकाळी चारला नळाला पाणी. मी रात्री साडेबाराला यायचो तर ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि सकाळी सहाला डबा तयार. माझे सतरा तास जमले ते तिच्यामुळे, माझ्या निष्ठेमुळे नाही. सरकारचाच २०२४ चा वेळेच्या वापराचा सर्व्हे आहे, त्यात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामाला देतात आणि तसं काम करणारे पुरुष ८८. जो माणूस ९० तास ऑफिसात बसू शकतो त्याच्या घरी कुणीतरी दुसरं माणूस त्याचं जेवण, कपडे, आईबापांचं औषध, पोरांचा अभ्यास सगळं बघत असतं. मग माझ्या मुलीसारखीने काय करायचं? तिने पण ९० तास द्यायचे आणि घरचे २८९ मिनिटं पण? माझ्या पोराच्या पहिलीच्या गॅदरिंगचा फोटो आमच्याकडे आहे, त्यात सगळे आहेत, मी नाही. तो आता पस्तीसचा झाला, त्याला आठवत पण नसेल, पण मला तो फोटो बघवत नाही.

तब्येतीचं तर बोलायलाच नको. जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांनी मिळून २०२१ ला सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. ५५ तासांनाच हे, ९० तर सोडाच. २०२४ च्या जुलैत आपल्या पुण्यात नोकरी करणारी एक २६ वर्षांची सीए मुलगी गेली, नोकरीला लागून चारच महिने झाले होते, तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला कामाच्या ताणाबद्दल पत्र लिहिलं ते सगळ्या देशाने वाचलं. मी ते वाचत होतो तेव्हा माझी मुलगी शेजारच्या खोलीत कॉलवर होती. मी उठून दारापाशी गेलो आणि नुसता तिचा आवाज ऐकत उभा राहिलो. कुठल्या बापाला झोप लागेल सांगा.

आणि अशा वेळी आपल्या राज्य सरकारने काय केलं, तर सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळात मंजूर केलं की कारखान्यात दिवसाचे तास ९ वरून १२ करता येतील, दुकानं-आस्थापनांत ९ चे १०, आणि कारखान्यातल्या तीन महिन्यांच्या ओटीची मर्यादा ११५ तासांवरून १४४. म्हणतात कामगाराची लेखी संमती घेतली जाईल. साहेब, ज्यांनी हे लिहिलं त्यांनी एकदा एमआयडीसीच्या गेटवर सकाळी सहाला उभं राहावं. कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा, भाड्याच्या खोलीत सहा जण राहतात, त्याच्यापुढं कागद ठेवला तर तो काय नाही म्हणणार आहे? जॉइन होतानाच वीस सह्या घेतात, त्यात एकविसावी. तेरा तासांवर ज्याची बोटं गेली त्या पोराचं मी वर लिहिलंय, तेव्हा ते निदान बेकायदा तरी होतं. जास्त काम करून घ्यायचंच असेल तर तिसरी शिफ्ट लावा, चार पोरांना नोकऱ्या मिळतील. आयटीआय झालेली पोरं आमच्या कॉलनीत डिलिव्हरीच्या गाड्या चालवतायत.

तास कमी केले की काम बंद पडेल असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबई पोलिसांचं उदाहरण आहे. पोलीस खात्यात बारा-बारा तास ड्युटी हेच चालत आलेलं, सगळे म्हणायचे इथं आठ तास शक्यच नाही. २०१६ मध्ये एका कॉन्स्टेबलनेच आठ तासांच्या पाळ्यांचा आराखडा बनवून दिला, तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो देवनार पोलीस स्टेशनला करून बघितला आणि मग बाकीच्या पोलीस स्टेशनला पण लावला. पोलीस खात्यात निदान करून तरी बघितलं, मग ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांचं अडतं कुठं?

एक मुद्दा नेहमी येतो, शेतकरी नाही का सोळा तास राबत. माझा भाऊ खेडला शेती करतो, रात्रीची लाइट असली की रात्री दोनला उठून पाणी द्यायला जातो, पायात साप येईल का बिबट्या येईल ह्याचा भरवसा नाही. त्याला विचारा की हे तू आवडीने करतोस का. तो मागणी दिवसाच्या लाइटची करतो. आणि कुणी स्वतःचा धंदा उभा करत असेल, स्वतःचं दुकान, स्वतःची कंपनी, त्याने चोवीस तास राबावं, नफा झाला तर त्याचाच आहे. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण स्वतःच्या धंद्याला लागतो तेवढा वेळ पगारी माणसाकडून फुकटात मागू नका.

आता शेवटचं. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलेलं असतं, त्यावर बायको दुधाचा हिशोब लिहिते, कुठल्या दिवशी एक लिटर, कुठल्या दिवशी दीड, कधी खाडा. गेल्या जूनपासून मी त्याच चौकटीत खालच्या कोपऱ्यात लाल पेनने मुलीची वेळ लिहायला लागलो. किती वाजता बसली आणि दाराखालचा उजेड किती वाजता गेला. जूनमधल्या एका आठवड्याची बेरीज ६७ तास आली, प्रवास सोडून. टाइमशीटला पंचेचाळीसच्याही आत होते. महिनाभराने तिच्या लक्षात आलं. कॅलेंडरसमोर चहाचा कप घेऊन ती बराच वेळ उभी होती, बोटाने एकेक चौकट बघत. मला वाटलं चिडेल. ती एवढंच म्हणाली, बाबा, १४ तारखेला चुकलंय, मी नंतर परत उठले होते, पावणेदोनपर्यंत. आणि माझ्या हातातून पेन घेऊन तिने ते दुरुस्त केलं. आता ती स्वतःच लिहिते. जुलैअखेर तिने ते पान फाडून पर्समध्ये ठेवलं आणि मॅनेजरशी बोलायला गेली, काय होतंय ते अजून कळायचंय.

माझी तुमच्या पेपरला विनंती आहे की ७० तास, ९० तास असं कुणी बोललं की तुम्ही पहिल्या पानावर छापता, तसं एकदा वाचकांकडून त्यांच्या घरच्या कॅलेंडरचं एक महिन्याचं पान मागवा, नाव-कंपनी काही न छापता. आयटीवाले, बँकेतले, नर्स, मॉलमधल्या मुली, सगळ्यांचं. आमच्या घरचं जूनचं पान मी ह्या पत्रासोबत झेरॉक्स करून जोडतोय, दुधाच्या आकड्यांकडे लक्ष देऊ नका, लाल पेनाचे बघा.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड